सुंद्री बोटीमागनं गेली

आमच्या डोहवाडीची दोन गावं आहेत. एक खाली, पंचगंगेच्या वळणात. तिथं माणसं राहतात. दुसरं वर, माळावर. तिथं दारं राहतात.

हे जरा नीट सांगतो, नाहीतर पाहुण्यांना वाटतं मी थट्टा करतोय. मी शाळेत जायच्या आधी कधीतरी मोठा पूर आला होता. सरकारनं ठरवलं, गाव उचलायचं आणि माळावर ठेवायचं. घरटी एक प्लॉट मिळाला. लोकांनी प्लॉट घेतले, पेढे वाटले आणि परत खाली येऊन राहिले. माळावर पाणी नाही, वैरण नाही, म्हशीला डुंबायला डबकंसुद्धा नाही. पुढं नव्वदीच्या मधल्या काळात गावात बातमी उठली की मोकळे प्लॉट परत घेणार. त्यावर कुणीतरी सांगितलं, दार बसवलं की घर धरतात. कुणी सांगितलं ते आजवर कळलेलं नाही. पण त्याच उन्हाळ्यात माळावर रांगेनं दारं उभी राहिली. चौकट, दोन फळ्या, कडी, कोयंडा, कुलूप. भिंती नाहीत, छप्पर नाही. कुत्री बाजूनं जायची. आमचे अप्पा मात्र प्लॉट बघायला गेले की किल्लीनं कुलूप उघडायचे, दारातून आत जायचे आणि आतून कडी लावून घ्यायचे.

अप्पा म्हणजे माझे वडील, भरमाप्पा. रोज पहाटे म्हशी घेऊन कोल्हापुरात जायचे आणि दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून द्यायचे. म्हशी पाच. पुढारीण सुंद्री. ती जिकडं वळेल तिकडं बाकीच्या चार.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, मोरपिसं बांधायची, गळ्यात कवड्यांच्या माळा घालायच्या. मालक पुढं मोटारसायकलवर आणि म्हैस मागून धावतेय. दावं नाही, काठी नाही. ही विद्या रेडकू असल्यापासून द्यावी लागते. अप्पांनी आमच्या राजदूतच्या सायलेन्सरची पुंगळी काढून टाकली होती. गोठ्याच्या दारात गाडी सुरू करायची, फाडफाड आवाज घुमवायचा आणि मग पेंडीची पाटी पुढं ठेवायची. काही महिन्यांत रेडकाच्या डोक्यात एकच गोष्ट उरते, की हा आवाज जिथं जातो तिथं पेंड असते. सुंद्रीला हे इतकं पक्कं कळलं होतं की एका पाडव्याला पेठेतल्या मंडळानं तिचा सत्कार केला. फेटा अप्पांना बांधला, पण पेपरात फोटो सुंद्रीचा आला.

या शिक्षणाचा एक तोटा होता. सुंद्री दाव्यानं चालायचं विसरली. दावं ओढलं की बसायची. काठी उगारली की आडवी व्हायची. आवाज असेल तर कोल्हापूरपर्यंत पळत जाईल, आवाज नसेल तर गोठ्याबाहेर खूर टाकणार नाही. आम्ही याला शिस्त म्हणत होतो.

दोन हजार तीनला नदी आटली. इतकी, की आम्ही डोहात क्रिकेट खेळलो. ज्या डोहावरून गावाला नाव पडलं, तिथं मी मिडऑनला उभा होतो. अप्पा म्हणाले, असतं एखादं साल. पुढच्या वर्षी पाऊस आला तो ज्वारी काढायच्या वेळी आला. अप्पा म्हणाले, असतं एखादं साल. टीव्हीवर एक बाई नकाशासमोर उभी राहून सांगत होती की हवामान बदलतंय, आता पावसाचा भरवसा धरू नका. अप्पांनी तिचं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हिच्या घरी म्हशी किती?"

मी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, दुसऱ्यांदा. घरात माझ्या शब्दाला तेवढंच वजन होतं.

"अप्पा, माळावर दोन खोल्या काढू या."

"आणि म्हशी?"

"त्या पण नेऊ."

"आणि त्यास्नी तिथं काय पाजणार? तुझं बी.कॉम.?"

जुलै दोन हजार पाच. पाऊस लागला तो थांबेचना. आधी सगळे खूश होते. मग सगळे गप्प झाले. मग वरच्या धरणाची दारं उघडल्याची बातमी आली आणि लोक एकमेकांशी मोठ्यानं बोलायला लागले. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आले. ट्रॉल्यांमध्ये गाद्या, पत्र्याच्या पेट्या, शेळ्या, म्हाताऱ्या, टीव्ही असं सगळं भरून गाव माळाकडं निघालं. माझी आई शांतादेवी, जिला आम्ही अव्वा म्हणतो, ट्रॉलीत उभी राहून अप्पांना म्हणाली, "अवो, चला की आता. समदं गाव चाललंय."

"तू हो म्होरं. पाणी मारुतीच्या दुसऱ्या पायरीला टेकतंय आणि माघारी जातंय. माझ्या आज्याच्या वक्ताला बी तितंच टेकलं हुतं. नदीला आपली पायरी ठाव हाय."

"आणि तिला ह्या बारीला नसंल ठाव तर?"

"मग बघू की."

अव्वानं माझ्याकडं बघितलं. "सोमशेखर, ह्येंच्यावर नजर ठेव." ती मला सोमशेखर फक्त आजारपणात आणि रागात म्हणायची. मी तेव्हा आजारी नव्हतो, आणि ती रागातही दिसत नव्हती. ट्रॅक्टर निघाला. मला काही बरं वाटलं नाही.

खालच्या गावात उरलो आम्ही तिघं. मी, अप्पा आणि शेजारचा बाळासो. बाळासोचं गुऱ्हाळ होतं आणि तो गुळाच्या ढेपा पोटमाळ्यावर चढवत थांबला होता. बाकी सगळ्या घरांना कुलपं. रिकाम्या गावात पावसाचा आवाज वेगळा येतो. पत्र्यावर, कौलावर, प्लॅस्टिकच्या बादलीवर पडणारा एकेक आवाज सुटा ऐकू येतो. मध्ये माणसाचा एकही नाही. मी करमणूक म्हणून जरा गाणं म्हणून बघितलं. अप्पा म्हणाले, गप.

पाणी नदीकडून येईल म्हणून आम्ही नदीकडं तोंड करून बसलो होतो. ते मागून आलं. आधी न्हाणीघराच्या मोरीतून बुडबुडे यायला लागले, जसं खाली कुणीतरी श्वास सोडतंय. मग मोरी भरली. मग ते परसातून, उकिरड्यावरून, काही घाई नसल्यासारखं चालत आलं. चुलीत शिरलं आणि चुलीनं फुस्स केलं. गव्हाणीच्या कडेवर एक भलामोठा साप येऊन बसला. त्याच्या शेजारी दोन उंदीर. साप उंदरांकडं बघत नव्हता. तिघंही पाण्याकडं बघत होते. मला साप-उंदराची भीती वाटली नाही. साप उंदराला खाईना, याची वाटली.

मी छातीएवढ्या पाण्यातून मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन आलो.

"कितव्या पायरीला?" अप्पांनी विचारलं.

"पायरी दिसत न्हाय."

"म्हंजे दुसरी बुडाली?"

"मारुती बुडालाय, अप्पा. शेंदराचा माथा तेवढा वर हाय."

 अप्पांनी नुसतं खाली, आपल्या पायांकडं बघितलं. पाय दिसत नव्हते. गेली वीस वर्षं मी या माणसाला ओळखत होतो आणि त्यांच्या तोंडावर हे असलं काही कधी बघितलं नव्हतं. मला वाटलं होतं, मी बरोबर ठरलो की मजा येईल.

"गाडी काढ," ते म्हणाले.

राजदूत ओट्यावर चढवून ठेवली होती. ओटा कधीच पाण्याखाली गेला होता. मी किक मारली. गाडीनं गुळणी केल्यासारखा आवाज काढला. अप्पांनी मारली. बाळासोनं येऊन मारली. नळीतून पाणी आलं, त्यातून एक बेडकी आली, आवाज काही आला नाही.

"दोर लावून वढू," बाळासो म्हणाला.

सुंद्रीला दावं लावलं. ती बसली. म्हणजे पाण्यात बसली. नाकपुड्या आणि शिंगं वर. तिला बसलेली बघून बाकीच्या चौघीही बसल्या.

"अप्पा, सोडू या त्यास्नी," मी म्हणालो. "म्हशीला पवता येतंय. त्या येतील आपल्या आपण."

"न्हाय येणार. आवाज न्हाय तर हितंच बसतील बुडूस्तवर. मी शिकवलंय त्यास्नी."

"मग आपण तरी जाऊ."

"तू जा. मला कुठं पवाय येतंय? मी सुंद्रीच्या शेपटाला धरूनच बाहीर पडणार. ती हालली तर मी हाललो."

तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की काय चाललंय. माळ आणि गाव यांच्यामध्ये आता ऊस बुडून गेलेला होता. बाहेर पडायला माझ्या वडिलांना म्हैस पाहिजे होती. म्हशीला आवाज पाहिजे होता. आणि आवाजात बेडकी शिरली होती.

बाळासो माझ्याकडं बघायला लागला. "सोम्या, तू त्या गॅदरिंगला यस्टीचा आवाज काढलतास न्हवं?"

"यस्टीचा, पिठाच्या गिरणीचा आणि प्राचार्यांच्या खोकल्याचा."

"मग राजदूत काढ."

मी त्याच्याकडं बघितलं. अप्पांकडं बघितलं. कुणी हसत नव्हतं. मी ओठ सैल केले, छाती भरून घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा मन लावून काम केलं. फड-फड-फड-फडफडफडफड. सुंद्रीचे कान फिरले. ती उठली.

बाळासोनं गुऱ्हाळातली काहील आणली, रस आटवायची ती भली थोरली लोखंडी कढई. आमच्याकडं पुरात काहील हीच नाव. मी तीत बसलो, तोंड मागं, म्हशींकडं. बाळासो कडेवर टेकून लांब बांबूनं रेटायला लागला. मागं सुंद्री, तिच्या शेपटाला दोन्ही हातांनी अप्पा, आणि अप्पांच्या मागं चार म्हशी. डोहवाडीतून शेवटचं स्थलांतर असं निघालं. मी मोटारसायकल होतो.

काहिलीची एक खोड असते, ती सरळ जात नाही, गोल फिरते. मी तोंड म्हशींकडं करायचो, काहील फिरायची, मी माळाकडं बघत फडफडायचो, परत धडपडून वळायचो. आवाज लांब गेल्यासारखा वाटला की सुंद्री थबकायची. ती थबकली की अप्पा बुडायचे. हनुवटी, मग तोंड, मग नाक. मी वळून जोर केला की ती परत पुढं आणि अप्पा परत वर. त्यांची टोपी वाहून गेली होती. त्यांचं टक्कल मी इतकं उघडं कधी बघितलं नव्हतं. ते एवढंसं दिसत होतं.

"आवाज पाडू नगंस, सोमा," ते म्हणाले. घाबरलेल्या माणसाचा आवाज आपोआप पडतो हे त्यांना माहीत असावं, पण दुसरं काय सांगणार.

आमच्याच उसाचे शेंडे पाण्याखालून काहिलीच्या बुडाला खरवडत होते. पाऊस तोंडात जात होता. ओठ बधिर झाले. पुढंपुढं राजदूतची लुना झाली.

"पेट्रोल संपलं काय रं?" बाळासो म्हणाला.

मी मान हलवली. बोललो असतो तर गाडी बंद पडली असती.

"थांबू नगं लेका. त्यो बघ माळ. दारं दिसाय लागल्यात."

दिसत होती. राखाडी उजेडात रांगेनं उभी दारं आणि दारांच्या आसपास माणसं. मी ठरवून टाकलं की आता फक्त फडफडायचं, रडायचं ते वर गेल्यावर.

तेवढ्यात डाव्या अंगानं आवाज आला.

खरा आवाज. खोल, जाड, फाडफाडता. उसाच्या टोकापलीकडून केशरी जाकिटं घातलेल्या माणसांची बोट आली. पलीकडच्या वस्तीतली माणसं भरून ती कोल्हापूरकडं निघाली होती. मागं इंजिन होतं आणि ते इंजिन आमच्या राजदूतपेक्षाही आमच्या राजदूतसारखं होतं.

सुंद्रीचे कान वळले. मग मान वळली.

मी फडफडलो. देवाशपथ सांगतो, असा आवाज मी कधी काढला नव्हता आणि परत निघायचा नाही. सुंद्रीनं एकदा माझ्याकडं बघितलं. तिच्या नजरेत काही वाईट नव्हतं. माझ्याकडं पेंड नाही, हे तिला कळलं होतं इतकंच. ती बोटीमागं वळली. तिच्यामागं चौघी वळल्या. आणि शेपटाला धरून अप्पा वळले.

"अप्पाऽऽ! सोडा! शेपूट सोडा!"

अप्पांनी माझ्याकडं बघितलं.

"न्हाय न्हाय! सोडू नगा! धरा! घट्ट धरा!"

त्यांनी तसंच बघितलं. मी अजून काहीतरी तिसरं सांगेन म्हणून ते थांबल्यासारखे दिसले. माझ्याकडं तिसरं नव्हतं. बाळासो बांबू रेटत होता, पण तिथं खाली ओढा होता आणि बांबू आख्खा आत जाऊनही तळ लागेना. तो बोटीला हाका मारत होता. बोटीत इंजिनाशेजारी बसलेल्याला इंजिनच ऐकू येतं. काहील गोल फिरली. मला माळ दिसला, दारं दिसली, मग पाऊस, मग परत ती बाजू आली तेव्हा उसाचे शेंडे होते. बोट नव्हती. आवाज बराच वेळ येत राहिला.

काहील कशीबशी माळाला लागली. अव्वा आमच्या दाराशी उभी होती. दाराच्या चौकटीला ताडपत्री बांधून तिनं आडोसा केला होता. तिनं आधी काहिलीत बघितलं, मग काहिलीच्या मागं बघितलं.

"ह्ये कुठायत?"

"सुंद्री बोटीमागनं गेली," मी म्हणालो.

"मी सुंद्रीला इचारलं न्हाय."

 मला काहीतरी विनोदी सुचत होतं, नेहमी सुचतं तसं, आणि पहिल्यांदाच मला त्याची किळस आली. अव्वानं कमरेची किल्ली काढली, दाराचं कुलूप उघडलं आणि दोन्ही फळ्या सताड उघड्या टाकल्या. मग ती त्या दारात, पाण्याकडं तोंड करून बसली. बाजूनं सगळं उघडं होतं, तरी माळावरचं एकही माणूस तिच्या पुढून गेलं नाही. सगळे दारामागून वळसा घालून जायचे.

पुढचे दिवस मोजायची सोय नव्हती. फोन बंद, रस्ता बंद, पाऊस चालू. पाण्यातून एकेक गोष्ट वर यायची आणि माळाच्या कडेला लागायची. कणगी, पाळणा, लग्नातली खुर्ची. दरवेळी कडेला गलका झाला की मी पळत जाऊन बघून यायचो. एकदा कृष्णात नावाचा पोरगा पळत आला.

"सोमादा, तिकडं उसात म्हस अडकलीया. मेल्याली. बघून जा, तुमचीच हाय का."

म्हैस आमची असेल, तर तिच्या शेपटाशी काय असेल, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्यामुळं कृष्णात माझ्याबरोबर आला नाही. मी एकटा गेलो. ती फुगून आडवी पडली होती, पाठ माझ्याकडं. शिंगं पाण्यात. सुंद्रीच्या शिंगांना पाडव्याचा हिरवा रंग अजून थोडा होता. मी काठीनं डोकं वळवायला बघितलं. वळेना. परत रेटलं. शिंग वर आलं. काळं. नुसतं काळं. मी त्या मेलेल्या म्हशीचे आभार मानले आणि बाजूला जाऊन ओकलो.

पाणी थोडं उतरलं तसा मी निघालो. कोल्हापुरात शाळांमधून, मठांमधून, कार्यालयांमधून पूरग्रस्तांची सोय केली होती. मी प्रत्येक ठिकाणी दारात उभा राहून विचारायचो, "एक माणूस बघितला का? टकलू. म्हशीच्या शेपटाला धरलेला." लोक माझ्या खांद्यावर हात ठेवायचे आणि चहा द्यायचे. त्यांना वाटायचं धक्का बसलाय पोराला. मी खूप चहा प्यालो.

मंगळवार पेठेत एका चहावाल्यानं मात्र कप खाली ठेवला. "हिरव्या शिंगाची का?"

"व्हय."

"त्या मंगल कार्यालयात हाय की. जेवणाचा टेम्पो आला त्येच्या मागनं पाच म्हशी आत शिरल्या. हलवाय बघितलं, तर त्या बसल्याच."

मी पळालो. लग्नाच्या हॉलमध्ये, स्टेजच्या पुढं, सतरंजीवर, पाच म्हशी रवंथ करत बसल्या होत्या. भोवती पूरग्रस्त बायका भाजी निवडत होत्या. आणि स्टेजवर, नवरदेवाच्या लाल मखमली खुर्चीत, कुणाचा तरी मोठा शर्ट घालून अप्पा बसले होते. दोन्ही हात मांडीवर, मुठी मिटलेल्या. मी समोर उभा राहिलो तरी त्या मुठी उघडल्या नाहीत. शेजारच्या बाईनं हळूच सांगितलं, आले तेव्हा शेपूट सोडवायला चौघं लागले. अजून जेवण भरवावं लागतंय.

"अप्पा."

"आलास व्हय," ते म्हणाले. "तुझी अव्वा?"

"माळावर हाय. बरी हाय. चला आता, पाणी उतारलंय."

"उतारतंय ते चढायलाच उतारतंय."

कोपऱ्यात कुणीतरी नळ सोडला. बादलीत पाणी पडायला लागलं आणि अप्पांचे पाय खुर्चीवर वर आले. लहान पोराचे येतात तसे. नळ बंद झाला तरी ते खाली यायला वेळ लागला.

"खाली न्हाय जायाचं," मी म्हणालो. "माळावर राहू. दोन खोल्या बांधू. मी नोकरी बघतो."

दोन वर्षं ज्या भांडणात मी रोज हरत होतो, ते मी त्या क्षणी जिंकत होतो.

"माळावर बी न्हाय," अप्पा म्हणाले. "माळावरनं नदी दिसती."

"मग मुरगूडला आत्याकडं जाऊ."

"तितं वेदगंगा हाय."

"शाहूवाडीला मामाकडं? डोंगार हाय सगळा."

"आणि पाऊस कुठं पडतोय मग? डोंगरावरच की. आणि डोंगार बी खाली येतोय म्हणं आता. त्या बायका बोलत हुत्या."

"मग सोलापूरकडं. अव्वाचं चुलतं हाईत. तितं पाऊसच न्हाय."

"म्हशी काय पित्यात? आणि म्हशी सोडल्या तर मी काय करतो?" त्यांनी माझ्याकडं बघितलं, अगदी सरळ. "तू शिकलाईस न्हवं? सांग की. जिथं पाणी येत न्हाय आणि जात बी न्हाय, असं गाव सांग. मी चालत येतो."

मी डोक्यात आख्खा जिल्हा फिरून आलो. मग शेजारचा फिरलो.  जो माणूस कुठल्याच पाण्याला भीत नव्हता तो माझा बाप होता. समोर बसलेल्याला मी ओळखत नव्हतो, आणि मलाच त्याला घरी न्यायचं होतं, आणि घर कुठं ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

तेवढ्यात कार्यालयाचा व्यवस्थापक आला. माणूस भला होता. त्यानं स्वतः म्हशींना पेंड आणून घातली होती.

"पावणं, पोरगं आलं न्हवं तुमचं? झ्याक झालं. रविवारी हितं एक बारसं हाय खरं, पर म्हशी मागच्या अंगणात बांधू. तुमी ऱ्हावा निवांत. घाई करू नगा."

अप्पांनी विचारलं, "हितं पाणी आलतं कधी?"

व्यवस्थापक मोठ्यानं हसला. त्यानं बूट सतरंजीवर दोनदा आपटून दाखवला.

"हितं? मंगळवार पेठंत? काय बोलताय! माझ्या आज्यानं बी कधी बघितलं न्हाय."

अप्पांचा चेहरा पांढराफटक पडला. ते खुर्चीतून उठले. उठताना त्यांच्या मुठी उघडल्या, तळव्यांवर सालटी निघालेले लाल पट्टे होते.

"सोमा, म्हशी सोड."

"आणि जायाचं कुठं?"

"मला काय ठाव," अप्पा म्हणाले. "आधी हितनं हाल."